डावीकडचं मीठ

वर्षभर आमच्या घरात रोज एकच भांडण व्हायचं, ते मिठावरून. हे पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "अळणी आहे." भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई लगेच सुरू व्हायच्या, "काय गं, मीठ संपलं का घरातलं? आजारी पोराला अळणी खाऊ घालती." त्या देवळ्याकडच्या, आवाज शेताच्या बांधावरून हाका मारून कमावलेला. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना रोज कळायचं, की या मास्तरीणबाईंना साधा स्वयंपाक जमत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. सकाळची शाळा, मग घर, मग दवाखाना, मग पुन्हा घर. यांचा रक्तदाब वाढलेला, म्हणून डॉक्टरांनी भाजीत मीठ बेताचंच घालायला सांगितलं होतं. मी तसंच करत होते आणि ताटात चिमूटभर मीठ वेगळं वाढत होते, हवं तर त्यांनी घ्यावं म्हणून. तरी रोजचं आपलं तेच. माझा अगदी संताप व्हायचा. समोर वाढलेलं मीठ उचलायला काय होतं या माणसाला?

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. हे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेस चालवायचे. पत्र्याला आकार देणारी, दणकन खाली येणारी ती अवजड मशीन. पहिली पाळी संपवून स्कूटरवर घरी येताना टेम्पोने मागून धडक दिली आणि डोक्याच्या उजव्या बाजूला मार बसला. हेल्मेट डिकीत होतं. त्याबद्दलचा माझा राग वेगळा आहे, तो इथे काढत नाही.

माणूस वाचला. बोलू लागला, चालू लागला, हिशेब तोंडी करू लागला. डावा हात मात्र लुळा पडला होता. बाकी किरकोळ चमत्कारिक गोष्टी होत्या. दाढी केली की डाव्या गालावर खुंट तसेच. कधी एकाच पायात चप्पल घालून दारात उभे. दाराची डावी चौकट तर यांच्या खांद्याने रोज पुसली जायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "डोक्याला मार लागलाय, वेंधळेपणा येणारच." मीही तेच म्हणायचे.

एके दिवशी "अळणी आहे" हे शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मी पुढे झाले, "हे काय आहे मग?" असं म्हणत ताट धरलं आणि गर्रकन अर्धं फिरवलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी सगळी डावी बाजू यांच्या उजव्या हाताशी आली. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. "अरे वा, आज लसणाची चटणी केलीस? किती दिवसांनी!"

लसणाची चटणी मी रोज वाढत होते. रोज ती तशीच परत जायची आणि सासूबाई म्हणायच्या, बघा, हिच्या हातचं तिखटसुद्धा त्याला जात नाही.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मीठ आणि चटणी ताटात डावीकडेच वाढतात. इतकी वर्षं त्यात काही अडलं नव्हतं.

दवाखान्यात फिजिओथेरपी करणारी एक तरुण मुलगी होती. तिला हे सांगितलं. तिने मला बाजूला घेऊन नीट समजावलं. डोळे चांगले आहेत काकांचे, ती म्हणाली, दिसतं सगळं. पण मेंदूचा जो भाग डाव्या बाजूची दखल घेतो, त्यालाच मार लागलाय. त्यांच्या लेखी डावी बाजू नाहीच. आणि वाईट म्हणजे, ती नाही हेही त्यांना कळत नाही. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही म्हणून आपण रडत बसतो का, तसंच ते.

तेव्हाच त्या दवाखान्यात संशोधनाचा एक मोठा प्रकल्प चालू झाला होता. परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर आणि त्यांच्या हाताखाली इंजिनियरिंग कॉलेजची पोरं. एका खोलीत खुर्ची, समोर टेबल, टेबलाला जोडलेला एक लोखंडी हात. त्या हाताला यांचा डावा हात पट्ट्यांनी बांधायचे. पोरं त्याला रोबो म्हणायची. यांचा हात अडखळला की तो मागून हळूच ढकलायचा, जमतंय असं वाटलं की सोडून द्यायचा. डोळ्यांवर जाडजूड गॉगल. त्या गॉगलमध्ये एक अख्खं खोटं जग होतं, मान वळवली की तेही वळणारं. त्यात फळं तोडायची, चेंडू अडवायचे, रस्ता ओलांडायचा.

मला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू? नाशिकमध्ये असलं काही येईल असं कुणाला वाटलं होतं! यांची निवड झाली तेव्हा मी डॉक्टरांना पेढे नेऊन दिले. आणि हाताला खरोखर गुण आला. लुळा पडलेला हात वर जाऊ लागला, मूठ वळू लागली. कॉम्प्युटरवर एक रेघ निघायची, ती दर आठवड्याला थोडी चढलेली दिसायची. डॉक्टर ती रेघ दाखवून म्हणायचे, "मॅडम, एक्सलंट!" हे खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघायचे. आमच्या शाळेत निकाल लागला की पोरांच्या तोंडावर हाच भाव असायचा.

एकदा त्यांनी तो गॉगल मला घालून दाखवला. आत गुळगुळीत रस्ता, पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांपाशी आपणहून थांबणाऱ्या गाड्या. ना हॉर्न, ना उलट्या बाजूने येणारा दूधवाला, ना रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय. आमच्या द्वारका चौकात असा रस्ता कुणी स्वप्नातही पाहिला नसेल. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. डावीकडून काहीही यायचं असलं, की आधी डाव्या कडेला लाल दिवा लागायचा आणि बीप वाजायचा. बीप वाजला की मान डावीकडे करायची. एवढंच.

मी डॉक्टरांना विचारलं, "हा आवाज बंद करून बघितलंत का कधी?"

"तो शिकवण्याच्या पद्धतीचा भाग आहे, मॅडम."

"हो, पण घरी बीप वाजत नाही. घरी डावीकडे वाढलेली चटणी अजून तशीच परत येते. एकदा आवाज बंद करून बघा ना."

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हता तो. शांतपणे म्हणाले, प्रयोग अर्ध्यावर असताना पद्धत बदलता येत नाही, सगळे निकाल बिघडतील. आणि घरचं जेवण हे आमच्या चाचणीत येत नाही.

घरचं जेवण चाचणीत येत नाही! मी रस्ताभर ते वाक्य दातांखाली चावत आले. माणसाच्या मेंदूला मार बसतो तो घरात वावरायचं अडतं म्हणूनच त्रासाचा होतो ना? का या लोकांना त्या माणसाला गॉगलमध्ये राहायला पाठवायचं आहे? ज्या पोराने ते खोटं जग बनवलं त्याच्या ताटातही त्याची आई मीठ डावीकडेच वाढत असणार. पण हे सांगून काय उपयोग, मी पडले घरची बाई. माझं म्हणणं म्हणजे नुसतं म्हणणं, आणि रेघ म्हणजे विज्ञान.

इथवरही मी गिळलं असतं. चटणी परत येते म्हणून कुणाचा जीव जात नाही. पण मग दाखल्याची गोष्ट निघाली.

कारखान्याने इतके महिने नोकरी राखून ठेवली होती. आता डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला आणा आणि आपल्या मशीनवर रुजू व्हा, असा निरोप आला. डॉक्टर तर दाखला द्यायला एका पायावर तयार. यंत्राच्या मदतीने बरा होऊन पुन्हा यंत्रावर कामाला लागलेला पहिला रुग्ण! यांना तर आकाश ठेंगणं झालं. ट्रंकेतून खाकी कपडे काढले, मला इस्त्री करायला लावली.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे ती खाली येताना हात आत नसतात. तशी ती केलेलीच आहे. पण माल भराभर निघावा म्हणून यांच्या खात्यात एक बटण कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. हे काही गुपित नव्हतं, यांनीच मला ते हुशारीची गोष्ट म्हणून सांगितलं होतं. बोटं तुटलेले हात आमच्या कॉलनीत दर गल्लीत एखादा तरी होता. त्या माणसांना सगळं दिसत होतं तरी बोटं तुटली. आणि पत्रा सरकवायचा हात डावा.

मी सांगून पाहिलं. "अहो, डावीकडचं तुमच्या लक्षात येत नाही अजून."

"काय येत नाही लक्षात? डॉक्टर वेडे आहेत का? रेघ बघितलीस ना तू?"

"चटणी…"

"चटणी, चटणी! मला नसेल खायची चटणी! तुला मी घरात बसलेला हवाय का?"

त्यांना खरंच दिसत नव्हतं की त्यांना दिसत नाही. अशा माणसाशी कसं भांडायचं? मी फिजिओथेरपीच्या मुलीकडे गेले. ती म्हणाली, काकू, तुमचं बरोबर आहे, मी सरांना बोलले, पण माझं इथे कोण ऐकणार. सासूबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "पोरगा कामाला निघालाय तर हिच्या पोटात का दुखतंय?" मला वाटलं, आता आपण कुणापुढे डोकं आपटायचं?

प्रकल्पाचा समारोप होता. दवाखान्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, समई, फुलांची रांगोळी, मुंबईहून आलेले पाहुणे. कारखान्याचे मॅनेजरसाहेबही पहिल्या रांगेत, कारण दाखला स्टेजवरच, सगळ्यांसमोर देणार होते. आधी प्रात्यक्षिक झालं. हे खुर्चीत बसले, हात बांधला, गॉगल घातला. गॉगलमधलं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं. बीप वाजला, मान वळली, हात गेला, फळ तोडलं. बीप, मान, हात. रस्ता ओलांडला तेव्हा हॉलभर टाळ्या. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि खरं सांगते, क्षणभर मलाच वाटलं, की आपलंच चुकत असेल.

गॉगल आणि पट्ट्या काढल्या आणि मग सत्कार. पाहुण्यांनी यांच्या खांद्यावर शाल घातली आणि दोन्ही हातांत धरून नारळ पुढे केला. नारळ कुणी एका हाताने घेत नाही, लहान पोरालाही ते सांगावं लागत नाही. यांचा उजवा हात पुढे आला. डावा मांडीशी लोंबत राहिला, आता चांगला बळकट झालेला, मूठ वळणारा, रेघेवर एक्सलंट असलेला हात. तो हललासुद्धा नाही. बीप वाजला नव्हता ना! पाहुण्यांनी नारळ सोडला, तो यांच्या उजव्या तळव्यावरून घरंगळला आणि फरशीवर आपटून फुटला. पाणी पाहुण्यांच्या बुटांवर उडालं.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणारा माइकवर ओरडला, "नारळ फुटला! शुभशकुन झाला, मंडळी!" की पुन्हा टाळ्या. डॉक्टर हसताहेत, पाहुणे हसताहेत, सासूबाई देवाला हात जोडताहेत. आणि हेही हसताहेत, काय झालं ते न कळून.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढी शिकलेली माणसं, एवढी यंत्रं, मेंदूवर बोलायला मुंबईहून आलेली पाहुणेमंडळी, आणि डोळ्यांसमोर जे घडलं त्याला शुभशकुन म्हणून टाळ्या! मी उठले. शाळेत बत्तीस पोरांच्या गोंगाटावर चढवायचा आवाज मला होताच, माइक लागला नाही.

"कसला शुभशकुन? डावा हात पुढे आला का त्यांचा? बघितलं का कुणी?"

टाळ्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, स्टेजवर घाबरायला होतं माणसाला. काही विशेष नाही."

"घाबरले नाहीत ते. त्यांना डावा हात आहे हेच त्यांच्या ध्यानात नाही. तुमचा बीप वाजला तर येतं, नाही वाजला तर नाही. हे मी तुम्हाला कधीची सांगतेय आणि तुम्ही म्हणता, जेवण चाचणीत नाही. मग हा नारळ होता का तुमच्या चाचणीत?" मग मी मॅनेजरांकडे वळले. "साहेब, तुमच्या प्रेसचं एक बटण कसं दाबून ठेवतात ते मला ठाऊक आहे. याच हाताने ते पत्रा सरकवणार आहेत. आज नारळ पडला. उद्या काय पडेल ते तुम्हीच सांगा."

मॅनेजर उठून उभे राहिले. चेहरा पार पडला होता. पाहुण्यांसमोर बटणाची गोष्ट निघाली म्हणून की यांच्या हाताची काळजी वाटून, देव जाणे. माझ्याजवळ येऊन समजुतीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, बसा. प्रेसवर नाही बसवत त्यांना. शब्द देतो."

ते यांनी ऐकलं. स्टेजवरून, गळ्यात शाल घेऊन.

पुढचं थोडक्यात सांगते. मॅनेजरांनी शब्द पाळला. यांना प्रेसऐवजी पॅकिंगला घेतलं, कमी पगारावर, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. यंत्र पुढच्या महिन्यात गुंडाळून ठेवलं, कारण संशोधनाचे पैसे संपले. ज्यांच्या हातांना त्याने खरोखर गुण येत होता त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि याची चीड मला आजही येते. बीप हळूहळू कमी करत नेऊन नंतर बंद करायचा, एवढं जरी त्यांनी केलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. माझं भांडण यंत्राशी कधीच नव्हतं. फिजिओथेरपीची ती मुलगी मात्र घरी येत राहिली. जेवताना यांच्या डाव्या बाजूला बसून चमच्याने ताटाची कड वाजवायला तिनेच मला शिकवलं. त्याने थोडं सुधारलं, पुरतं नाही.

पण त्या दिवशीचं एक राहिलं.

हॉलच्या बाहेर पडल्यावर हे माझ्यावर तुटून पडले. फाटकापाशी, माणसं येत-जात असताना. तू माझं वाटोळं केलंस. चार माणसांत मला लुळा ठरवलंस. नारळ मी दोन्ही हातांनीच धरला होता, त्या माणसाने नीट दिला नाही. माझी नोकरी घालवलीस, आता बस मला खायला घालत. असं बोलत होते. मला राग होता, त्यांच्यावर नव्हे, पण तो आता कुणावर काढायचा ते सुचत नव्हतं. सासूबाई दिरांच्या गाडीतून पुढे निघून गेल्या. आम्ही रिक्षा केली.

एरवी मी आधी चढायची आणि आत सरकून त्यांच्या उजवीकडे बसायची. त्या दिवशी ते रागाने आधी चढले, आत सरकले, आणि मी मागून चढून त्यांच्या डावीकडे बसले. रिक्षावाल्याने किक मारली.

"थांबा, थांबा," हे म्हणाले. "बायको यायचीय."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हातानेच थांबायची खूण केली.

हे समोर बघत होते. शालीचं टोक उजव्या हाताने चुरगळत होते. मग रिक्षावाल्याला म्हणाले, अगदी वेगळ्या, नरम आवाजात, "मी जास्तच बोललो हो तिला. तिला वाटतं माझा हात जाईल, म्हणून जीव टाकते ती. रागावून मागे राहिली असेल. थांबा जरा. येईल ती, मला सोडून कुठे जायची नाही."

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते.